चिकटवलेली शिवण

जळगाव,
ता. २२ एप्रिल १९७५

तीर्थरूप आबांस,

तुमच्या लताचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. पत्राच्या तोंडाशी एवढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, आता मोकळी झाले.

पोस्टात कार्ड घ्यायला गेले होते, पण कार्डात माझं कधी मावलंय? शेवटी पाकीटच घेतलं. वाचताना कपाळाला आठ्या घालू नका. घालणारच तुम्ही, मला इथून दिसतायत.

धुळ्याचं ऊन काय म्हणतं? इथलं तर विचारूच नका. दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकवत नाही आणि वाऱ्याबरोबर माती अशी येते की भाकरीतसुद्धा कचकच लागते. तुमच्या नातीला घामोळ्या आल्यात, दिवसभर किरकिर चालू असते. आता चालायला लागली. चालते, पडते, आणि पडली की उठून जमिनीलाच मारते. हा स्वभाव कुणावर गेला ते मी सांगायला नको. तुम्ही तिला अजून पाहिलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, माझं इथे झालं, शेजारच्या भागाबाईंच्या हातून. तेव्हा माझी आई असती तर तिने तुम्हाला दुकानाला कुलूप लावायला लावून इथे पाठवलं असतं. जाऊ द्या. हा विषय काढणार नव्हते, निघालाच.

यांचं कारखान्यातलं काम जोरात आहे. पारसमल शेठजींनी रेनकोटांची मोठी सरकारी ऑर्डर घेतलीय. पावसाळ्याच्या आधी माल द्यायचा, म्हणून शेडमध्ये नुसती धांदल. तुम्ही ते काम कधी पाहिलं नाही, नुसत्या शिव्या दिल्या, म्हणून सांगते. रबर लावलेलं कापड असतं. त्याच्या काठाला सोल्यूशन लावायचं, अंमळ सुकू द्यायचं, आणि ते बोटाला धरेल न धरेल असं झालं की काठावर काठ ठेवून वरून रूळ फिरवायचा. झाली शिवण. सुई नाही, दोरा नाही. सुई गेली की भोक पडतं, भोकातून पाणी येतं, एवढंच त्यातलं शास्त्र. धूळ बसली तर काठ धरत नाही, म्हणून वारा सुटला की शेडच्या दारं-खिडक्यांना पोती लावून घेतात. आत मग तो वास कोंडतो. पेट्रोलसारखा, पण जरा गोडसर. नव्या माणसाचं डोकं गरगरतं. यांना म्हणे आता वास येतच नाही.

बाकीचे ब्रशने लावतात, हे बोटाने. प्रत्येक शिवणीवरून उघडं बोट फिरवल्याशिवाय कोट पुढे जाऊ देत नाहीत. शेठजी सगळ्यांना सांगतात, "लीलाधरभाऊंचं बोट फिरलं म्हणजे कोटात थेंब जाणार नाही." ही सवय कुणाची, आबा? हे तुमच्या हाताखाली शिंपीकाम शिकत होते तेव्हा डोळा फसवतो, बोट फसवत नाही, असं म्हणत तुम्ही यांना दुकानात शिवण चाचपायला लावायचा. मी मागच्या खोलीत काज-बटण करता करता ऐकायची.

तुम्हाला दोन वर्षांपूर्वीचा तो कोट आठवतो का? यांनी पहिला स्वतः केलेला कोट तुम्हाला पाठवला होता. तुम्ही काय केलंत? त्या चिकटवलेल्या शिवणीवरून दुहेरी टीप मारली, अगदी सरळ, पाहण्यासारखी, आणि परत पाठवला. चिठ्ठी नाही, काही नाही. टिपेची भोकं पडली आणि कोट फुकट गेला. मी म्हटलं, फेकून द्या. तर हे तोच घालून अख्खा पावसाळा फिरले. भिजून यायचे आणि कोट दोरीवर वाळत घालताना म्हणायचे, "मास्तरांची टीप बघ, एक टाका इकडचा तिकडे नाही." असा माणूस आहे हा! आणि याला तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, डिंक लावणाऱ्याने माझ्या दुकानाची पायरी चढू नये.

हे जरा थकलेत एवढंच. परवा हातातून बशी निसटली. सकाळी घाई असते म्हणून शर्टाची बटणं मीच लावून देते. मागच्या आठवड्यात तर गंमतच झाली, एक चप्पल रस्त्यात गळून पडली आणि हे तसेच एका चपलेवर घरी आले. दारात मी म्हटलं, दुसरी कुठाय? खाली पाहिलं तेव्हा कळलं. आम्ही खूप हसलो. म्हणजे मी हसले.

आखाजी जवळ आली, अक्षय्य तृतीयेला आता तीनच आठवडे. गल्लीत झोके बांधायची बोलणी सुरू झालीत, एकेकीला माहेरी न्यायला मुराळी यायला लागतील. माझ्या दारात दोन आखाज्या कुणी आलं नाही. लोकांना सांगते, आमचे आबा एकटे, दुकान सोडून कसे येतील? लोक ऐकून घेतात. यंदा मुराळी पाठवा आबा. यंदा मला यायलाच हवं. का ते विचारू नका. नाही, विचारा. नको, नकाच विचारू, नुसतं हो म्हणून लिहा.

पोरगी उठली, आता ही पत्राचा चुराडा करील. थांबते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
लता


जळगाव,
ता. २ मे १९७५

आबा,

नमस्कार. तुमचं उत्तर नाही. पोस्टमन रोज समोरून जातो आणि मी रोज त्याच्यावर चिडते, त्या बिचाऱ्याचा काय दोष!

हे पत्र कुठून सुरू करू कळत नाही. तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आले. जीव थाऱ्यावर नाही माझा. जे झालं ते झालं तसं लिहिते, तुम्ही पुरतं वाचा, मध्येच टाकून देऊ नका.

तयार कोट गोदामात थप्प्या लावून ठेवले होते. वर पत्रा, आणि हे असलं ऊन. सोमवारी गठ्ठे सोडले तर सोल्यूशन पातळ होऊन सुटलेलं. कोट उचलला की बाही हातात, कोट खाली. काही तर एकमेकांना असे चिकटले की ओढून काढताना फाटले. शेठजी कपाळाला हात लावून पेटीवर बसले. आजवरचा माल थंडीत झाला होता आणि लगेच गेला होता, जळगावच्या उन्हाळ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. मग तेच म्हणाले, "लीलाधरभाऊ, तुम्ही तर शिंप्याचे. आधी टीप मारा, मग वरून पट्टी चिकटवा. टीप धरून ठेवील, पट्टी पाणी अडवील." बोलले ते बरोबर होतं. तुम्हालाही पटेल.

लगेच कुठूनतरी मशीन आणली. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सगळे भोवती गोळा झालेले. दोन वर्षांनी हे मशीनवर बसत होते. मला इतकं बरं वाटलं आबा, म्हटलं आता तरी तुमच्या कानावर घालता येईल की तुमचा लीलाधर परत टीप मारायला लागला. पण दोरा सुईत जाईना. भागाबाई तिथेच रूळ फिरवायला असतात, त्यांनी ओवून दिला. मग पाय चालायला लागला आणि मला पहिल्यांदा तिथेच खटकलं. यांच्या पायाचा ठेका मी झोपेतही ओळखीन. तो हा नव्हता. थांबत होता, अडखळत होता.

आणि मग सुई बोटात गेली. नखातून आरपार. शिंप्याच्या घरात हे कुणाचं झालं नाही? तुमचं झालंय, माझं झालंय. माणूस किंचाळतो, हात झटकतो, चाक उलटं फिरवतो. हे तसेच टीप मारत राहिले, आबा. बोट कापडाबरोबर पुढे ओढलं जात होतं आणि हे टीप मारत होते. भागाबाई ओरडल्या, "व माय, रगत!" मी धावत जाऊन चाक धरलं.

यांनी बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेठजींनी विचारलं, "दुखलं नाही?" हे म्हणाले, "नाही." खोटंसुद्धा बोलता आलं नाही त्यांना. त्यांच्या जागी मी असते तर खोटं खोटं बोंबलले असते, पण असं "नाही" म्हटलं नसतं. शेडमध्ये एवढी माणसं. आणि हळूहळू जो तो एकेक पाऊल मागे सरकला.

आता समजलं ना, मी काय लिहीत नव्हते ते? बशी, चप्पल, बटणं, सगळं तेच होतं. दिवाळीपासून मला माहीत आहे. आधी बोटांची टोकं बधिर झाली, मग बोटं, मग पावलं. मी विचारलं की म्हणायचे, मुंग्या आल्यात, जातील. मीही म्हणायची, जातील. दोघं एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं. पोरगी त्यांच्यापुढे हात वर करून उभी राहते, उचल म्हणून. हे भिंतीकडे बघतात. हातातून निसटेल म्हणून उचलत नाहीत असं मला सांगतात. पण त्यांच्या मनात दुसरंच आहे, आणि तेच माझ्याही मनात आहे.

तो शब्द नळावर फिरायला लागलाय. पदर तोंडाशी धरून बोलतात, मी गेले की गप्प होतात. काल भागाबाईंनीच विचारलं. बाई मनाची चांगली आहे, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसली होती, म्हणून तिला तोडून बोलता आलं नाही. म्हणाली, "लता, तुन्हा नवराना हातले काय व्हयनं? बठ्ठा लोके बोली ऱ्हायनात." मी विचारलं, काय बोलतात? तर बाईने मान खाली घातली. मीच म्हटलं, महारोग म्हणतात ना?

लिहिला बघा तो शब्द.

शेठजींनी निरोप पाठवलाय, बरं वाटेपर्यंत घरी राहा. मोठ्या मनाचा माणूस आहे, वाईट बोलला नाही. पण निरोप आणणारा लांबूनच बोलून गेला. आता हे दिवसभर घरात बसून असतात. हात मांडीवर पालथे ठेवतात, उलटे करून बघतात, परत पालथे ठेवतात. दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर येतात. डॉक्टरने तेच सांगितलं तर काय करायचं, ही भीती. बोलत नाहीत, पण मला कळतं ना. मलाही तीच भीती आहे. मी भांडते, रडते, मग स्वयंपाकाला लागते.

आबा, मला सल्ला नको, आपलं माणूस पाहिजे. तुम्ही या. एकदा येऊन यांच्यासमोर बसा. तुमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत, जळगावला आले तेवढे सोडून. तुम्ही म्हणालात तर दवाखान्यात येतील. आखाजीपर्यंत थांबू नका. झोका राहिला, सण राहिला, मला त्यातलं काही नको.

लगेच या.

तुमची,
लता


जळगाव,
ता. ११ मे १९७५

आबा,

धनसिंग मामा बाहेर ओसरीवर बसलेत. त्यांना दुपारची गाडी गाठायची आहे, म्हणून घाईने लिहितेय. अक्षर लावून घ्या.

मुराळी पाठवलात. दोन वर्षं वाट पाहिली त्या मुराळ्याची, आणि आला तो हा निरोप घेऊन. मामा बिचारे शब्द गिळत गिळत बोलले: "आबा म्हणाले, तुला न् पोरीला घेऊन ये. त्याला तिकडेच राहू दे. इलाज होऊ दे, मग पाहू." हे आतच होते. सगळं ऐकलं त्यांनी. ऐकून उठले आणि माझी ट्रंक खाली काढायला लागले. हातात कडी धरता येत नाही म्हणून दोन्ही मनगटांनी ओढत होते. म्हणाले, "जा तू, मास्तर बरोबर सांगतायत." मला राग कुणाचा यावा, आबा? तुमचा आला. खूप आला. मामांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या असा आदळला की निम्मं पाणी सांडलं. आणि उरलेल्या पाण्याला मामांनी हात लावला नाही. माझ्या आईचा सख्खा भाऊ, उन्हातून आलेला, ओठ सुकलेले, पण माझ्या घरचं पाणी तोंडाला लावेना. त्या माणसाने मला खांद्यावर घेऊन यात्रा दाखवल्यात. मी तिथेच रडले.

मग डोळे पुसून त्यांना जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगते.

तुम्ही येत नाही म्हटल्यावर मीच यांना घेऊन गेले. यांच्यापुढे पोरीला उभं केलं आणि म्हटलं, आज दवाखान्यात आला नाहीत तर ही पोर हात वर करून अशीच उभी राहील, आणि मी तिला हात खाली घ्यायला शिकवणार नाही. मी वाईट बोलले. पण हे उठले. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने यांचे डोळे मिटायला लावले आणि कापूस फिरवला, टाचणी टोचली, गरम पाण्याची नळी लावली, थंड लावली. कुठे कळतं, कुठे नाही, सगळं पाहिलं. कोपरातली नस चाचपली. अंगावर चट्टे शोधले, एकही नाही. कानाच्या पाळीतून थेंब घेतला आणि नंतर या म्हणाला. ते मधले दिवस कसे काढले ते मला विचारू नका. दोघांचं जेवण एका ताटात वाढायची मी, मुद्दाम, आणि हे मुद्दाम घास टाळायचे.

आबा, तो रोग नाही. डॉक्टरने दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. आणि असता तरी घरातून काढायचं कारण नव्हतं, त्यावर गोळ्या आहेत, माणूस बरा होतो, हेही तो बोलला. हे तुम्ही नीट ऐकून ठेवा.

मग त्याने विचारलं, काम काय करता? यांनी सांगितलं. शेड कसं आहे, दारं उघडी असतात का, आणखी कुणाला त्रास आहे का, असं सगळं खोदून विचारलं. रूळ फिरवणाऱ्या दोघी बायकाही पायाला मुंग्या येतात म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, त्या सोल्यूशनच्या वाफेने नसा मरतात. कोंडलेल्या जागेत जास्तच. मग विचारलं, लावता कशाने? हे म्हणाले, "बोटाने." तो म्हणाला, "ब्रश असताना?"

ते काम आजच्या आज बंद, मोकळ्या हवेत राहा, म्हणजे नसा हळूहळू परत जाग्या होतील. किती होतील ते सांगता येत नाही. पूर्ण होतील, निम्म्या होतील, महिने जातील. खात्री देत नाही म्हणाला. मला खात्री पाहिजे होती, पण नाही मिळाली.

बाहेर आलो. मला वाटलं आता सुटल्यासारखे हसतील. हसले नाहीत. झाडाखाली थांबले आणि म्हणाले, "लता, बोटाने लावत होतो हे मास्तरांना लिहू नको. त्यांना वाटेल, त्यांच्या शिकवण्यामुळे झालं." आबा, ज्या माणसाला तुम्ही पायरी बंद केलीत तो दवाखान्याच्या दारात उभा राहून तुमची काळजी करत होता! मी हो म्हटलं. आणि आता लिहितेय. शब्द मोडला मी त्यांचा. तुम्हाला दोष द्यायला नाही लिहीत, देवाशपथ नाही. तुम्ही शिंपी घडवत होतात, तुम्हाला काय ठाऊक तो बोट कशात घालील? पण हा माणूस जळगावला येऊनही तुमच्या हाताखालून उठला नव्हता, एवढं तुम्हाला कळायला पाहिजे. डिंक लावत होता तोही तुम्ही शिकवल्यासारखा लावत होता.

शेठजींच्या घरी मी स्वतः गेले. म्हटलं, पोती काढा. त्यांच्या सूनबाईंनीच आधी ऐकलं आणि सासऱ्यांना बाहेर बोलावून आणलं. पोती निघाली. धूळ बसली तर पुसून काढू म्हणाले. भागाबाईला आणि बाकीच्यांना आता ब्रश आणि वारा दोन्ही मिळतंय. कोटांना आधी टीप, वरून पट्टी, असं चाललंय, यावलहून एक शिंपी आणलाय. म्हणजे तुमचंही खरं ठरलं आणि यांचंही खरं ठरलं. मला आता दोन्हीशी देणंघेणं नाही.

हे सगळं ऐकल्यावर मामांनी तांब्या उचलला. घटाघटा प्यायले, आणखी मागितलं. मग आत आले, यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "जावईबापू, भाकर काय केलीय आज?" आता दोघं जेवतायत. हे हातात घास धरतात, तो मधेच पडतो, मामा दिसलं न दिसल्यासारखं करतात.

तर आता माझं ऐका. मी मुराळ्याबरोबर येणार नाही. मामा हे पत्र घेऊन पुढे येतील. आम्ही तिघं आखाजीच्या सकाळी एस.टी.ने येतोय. हे अजून हो म्हणाले नाहीत. पण ट्रंक खाली काढलीच आहे, त्यात यांचे कपडेही मी भरलेत.

दुकान उघडं ठेवा. सण आहे म्हणून फळ्या लावून बसू नका. आम्ही मागच्या दाराने येणार नाही. चार लोकांत पायरी बंद केली होतीत, चार लोकांतच उघडायची. लोक विचारतील, त्याच्या हाताला काय झालं? तुम्हीच सांगा, कामात झालं. तुम्ही सांगितलंत की पटेल त्यांना.

आणि यांना मशीनवर बसवू नका. बघू तरी कितपत जमतं, म्हणूनसुद्धा नको. गिऱ्हाइकाशी बोलतील, कापड पाहतील, कटिंगच्या वेळी शेजारी उभे राहून सांगतील. दुसऱ्या मशीनवर मी बसेन. मागच्या खोलीत नाही, पुढे, ओट्याजवळ. बाईमाणूस दुकानात बसलं म्हणून कुणी बोललं तर बोलू दे. माझी टीप सरळ येते की नाही ते तुम्ही ठरवा, तिरकी आली तर उसवायला लावा, पण उठायला सांगू नका. हे माझं मागणं नाही, मी ठरवलंय. रागवायचं ते आखाजी झाल्यावर रागवा.

मामा हात धुतायत. एकच राहिलं.

पायरी चढल्या चढल्या हे तुमच्यापुढे वाकतील. ते वाकणारच, मी नको म्हटलं तरी. तुमच्या पायाला हात लावतील, पण हात पायाला लागला की नाही ते त्यांना कळणार नाही. म्हणून ते तसेच वाकून राहतील, खूप वेळ, लोक बघत असले तरी. तेव्हा बस बस म्हणून पाय मागे घेऊ नका, आबा. डोक्यावर हात ठेवा. चांगला दाबून ठेवा. डोक्याला त्यांच्या अजून सगळं कळतं.

तुमची लेक आणि त्यांची बायको,
लता